पाहणे, बाळगणे आणि कळविणे : बालशोषणाच्या दृश्यसामग्रीविषयक कायद्याची न्याय्यता

प्रस्तावना

बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण करणाऱ्या छायाचित्रांचा व चित्रफितींचा प्रश्न हा केवळ अश्लीलतेचा प्रश्न नाही. अश्लीलतेच्या चर्चेत पाहणाऱ्याच्या अभिरुचीचा आणि समाजाच्या नीतिकल्पनांचा विचार होतो. येथे मात्र प्रत्येक दृश्यामागे एक प्रत्यक्ष बालक आणि त्याच्यावर घडलेला प्रत्यक्ष अत्याचार असतो. अशी चित्रफीत पुनःपुन्हा पाहिली व पाठविली जाते तेव्हा त्या बालकाच्या अप्रतिष्ठेची पुनरावृत्ती होते. म्हणूनच अशा सामग्रीवरील बंदीविषयी सुसंस्कृत समाजात मतभेद संभवत नाहीत. मतभेदाला जागा आहे ती बंदीच्या अंमलबजावणीत. हेतू निर्विवाद असला की साधनांची चिकित्सा करण्याचे धैर्य कमी होते आणि जी साधने अन्य गुन्ह्यांच्या बाबतीत सहज स्वीकारली गेली नसती, ती येथे विनातक्रार रूढ होतात. सर्वोच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०२४ चा ‘जस्ट राइट्स फॉर चिल्ड्रन अलायन्स’ प्रकरणातील निर्णय केंद्रस्थानी ठेवून या साधनांची न्याय्यता आणि त्यांचे अनपेक्षित परिणाम तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निर्णयाची पार्श्वभूमी

हे प्रकरण तमिळनाडूतील आहे. अमेरिकेतील नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेकडे विविध कंपन्यांकडून संशयित सामग्रीच्या सूचना येतात. एप्रिल २०१९ मध्ये झालेल्या सामंजस्य करारानुसार भारताशी संबंधित सूचना राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाकडे आणि तेथून राज्यांच्या पोलिसांकडे पोहोचतात. अशाच एका सूचनेवरून २०२० मध्ये चेन्नईत गुन्हा नोंदविला गेला आणि आरोपीच्या मोबाईलमध्ये बालकांचे लैंगिक चित्रण असलेल्या दोन चित्रफिती आढळल्या. त्या अन्य कोणाला पाठविल्याचा पुरावा मात्र नव्हता. ११ जानेवारी २०२४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने ही कार्यवाही रद्द केली. खासगीत डाउनलोड करणे व पाहणे एवढ्यानेच गुन्हा घडत नाही, असे त्या न्यायालयाचे मत होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने हे मत पूर्णतः अमान्य केले. न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांनी लिहिलेल्या या निर्णयात माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७-ब कडे उच्च न्यायालयाचे दुर्लक्ष झाल्याचे दाखवून देण्यात आले. २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात असलेल्या या कलमात अशी सामग्री शोधणे, चाळणे व उतरवून घेणे यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे उच्च न्यायालयाचा निष्कर्ष कायद्याच्या शब्दांवर टिकणारा नव्हता, हे मान्य करावे लागते.

निर्णयाचे दुसरे योगदान परिभाषेचे आहे. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दप्रयोग न्यायालयांनी यापुढे वापरू नये आणि त्याऐवजी ‘बालकांचे लैंगिक शोषण व अत्याचार दर्शविणारी सामग्री’ अशी संज्ञा योजावी, असे पीठाने सांगितले. पहिल्या संज्ञेत संमतीचा आणि करमणुकीचा ध्वनी आहे; दुसरीत अपराधाचे नाव आहे. शब्दाच्या या बदलाने विचाराची दिशा बदलते, आणि या निर्णयाचे हे श्रेय निःसंशय आहे.

ताब्याच्या संकल्पनेचा विस्तार

अडचण सुरू होते ती ‘ताबा’ या संकल्पनेपाशी. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अर्थात पॉक्सो कायद्याच्या कलम १५ चे सध्याचे रूप २०१९ च्या दुरुस्तीने सिद्ध झाले. त्याची तीन पोटकलमे तीन स्वतंत्र अपराध सांगतात. पहिल्यानुसार, अशी सामग्री साठविणारी वा बाळगणारी व्यक्ती ती पुढे पाठविण्याच्या उद्देशाने नष्ट करीत नसेल किंवा विहित प्राधिकाऱ्याला कळवीत नसेल तर ती किमान पाच हजार रुपये दंडास पात्र ठरते. दुसरे पोटकलम प्रसार वा प्रदर्शनासाठी बाळगण्याचे, तर तिसरे व्यापारी हेतूचे आहे. एकही चित्रफीत प्रत्यक्ष पाठविली गेली नसली तरी पाठविण्याच्या दिशेने असलेली अवस्थाच दंडनीय आहे, असा अर्थ न्यायालयाने लावला. एवढ्यापर्यंत युक्तिवाद सुसंगत आहे.

पुढे मात्र न्यायालयाने ‘आन्वयिक ताब्या’चा सिद्धान्त या कलमात आणला. वस्तू हातात नसली तरी तिच्यावर नियंत्रण आणि त्या नियंत्रणाची जाणीव असेल तर ती ताब्यात आहे असे मानणे, हा या सिद्धान्ताचा आशय. त्यानुसार इंटरनेटवर चित्रफीत केवळ पाहणाराही, ती उतरवून न घेता, पाहत असेतोवर तिच्या ताब्यात असतो. अनोळखी व्यक्तीने न मागता पाठविलेला दुवा एखाद्याने उघडला, आत काय आहे हे लक्षात येताच तो तत्काळ बंद केला, तर त्याचा ताबा संपतो. परंतु तेवढ्याने त्याचे दायित्व संपत नाही, त्याने ही बाब अधिकाऱ्यांना कळविली पाहिजे, असे निर्णयातील उदाहरण सांगते.

या उदाहरणात दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला प्रश्न कायद्याच्या रचनेचा आहे. कलम १५(१) नष्ट करणे किंवा कळविणे असे पर्याय देते. मोबाईलमध्ये फाइल असणाऱ्याला ती नष्ट करून मोकळे होण्याचा मार्ग आहे. ज्याच्याजवळ काहीच उतरलेले नाही त्याला मात्र नष्ट करण्याजोगे काही नसल्यामुळे कळविण्यावाचून गत्यंतर नाही. ज्याचा संबंध अधिक क्षणिक, त्याच्यावरील भार अधिक, अशी ही विपरीत स्थिती आहे. दुसरा प्रश्न उद्दिष्टाचा आहे. चित्रफितीतील बालकापर्यंत पोहोचण्याचा धागा म्हणजे ती चित्रफीत. ती नष्ट केल्याने बाळगणारा सुटतो, परंतु बालकाचा माग पुसला जातो. कळविणाऱ्याला चौकशीचा धाक आणि पुसून टाकणाऱ्याला निश्चिंती, असे गणित लोकांच्या मनात बसले तर सामान्य माणूस कोणता मार्ग पत्करील, हे सांगण्यास भाकीतकाराची गरज नाही.

सिद्धतेचा भार

यातच पॉक्सोच्या कलम ३० ची भर पडते. ज्या अपराधात विशिष्ट मनोवस्था आवश्यक आहे तेथे न्यायालय आरोपीची ती मनोवस्था गृहीत धरते आणि ती नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचे असते. तेही संभाव्यतेच्या पारड्यावर नव्हे, तर वाजवी शंकेपलीकडे. फौजदारी न्यायात हे माप सामान्यतः अभियोग पक्षासाठी राखलेले असते. येथे ते आरोपीच्या हाती दिले आहे. अभियोग पक्षाने आधी मूलभूत तथ्ये प्रस्थापित केली पाहिजेत, अशी अट सर्वोच्च न्यायालयाने घातली आहे, हे खरे. परंतु कार्यवाही रद्द करण्याच्या अर्जाच्या टप्प्यावरही हे गृहीतक विचारात घेता येईल असे म्हटल्याने निरपराध व्यक्तीला खटल्याआधी सुटण्याची वाट अरुंद झाली आहे.

प्रत्येक तरतूद स्वतंत्रपणे वाचली तर समर्थनीय वाटते. ताब्याची व्याप्ती रुंद असावी, कारण गुन्हेगार फाइल न उतरविताही पाहतात. मनोवस्था गृहीत धरावी, कारण ती सिद्ध करणे कठीण असते. कळविणे सक्तीचे असावे, कारण मौनामुळे अत्याचार चालू राहतो. परंतु तिन्ही तरतुदी एकावर एक रचल्या असता क्षणिक व अजाणता झालेला ताबा, त्यामागील गृहीत हेतू आणि तो खोडून काढण्याचा जवळजवळ अशक्य भार, अशी साखळी तयार होते. निर्णयात या तिहेरी संयोगाचा एकत्रित विचार झालेला नाही आणि हीच त्याची प्रमुख उणीव आहे.

पुराव्याचे स्वरूप हा या साखळीचा पाया आहे. जालना जिल्ह्यातील एका निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबतच्या प्रमाणपत्राची अनिवार्यता पुन्हा अधोरेखित केली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात अभिलेखाच्या हॅश मूल्याची नोंदही अपेक्षित आहे. परंतु प्रमाणपत्र एवढेच सांगते की फाइल त्या उपकरणात होती आणि ती बदललेली नाही. ती तेथे कोणी आणली, संदेशवाहक अ‍ॅपने आपोआप साठविली काय, मालकाने ती कधी उघडली काय, यांची उत्तरे तज्ज्ञाने स्वतंत्रपणे शोधावी लागतात. फाइलचे अस्तित्व आणि मनुष्याची जाणीव यांतील हे अंतर कलम ३० च्या गृहीतकाने नव्हे, तपासाच्या गुणवत्तेने भरून निघाले पाहिजे.

यादीवरचा विश्वास : ब्रिटनचा अनुभव

यादी आणि पुरावा यांची गल्लत झाली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण ब्रिटनच्या ‘ऑपरेशन ओर’ या मोहिमेत आढळते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात फोर्ट वर्थ येथील लँडस्लाइड प्रॉडक्शन्स या कंपनीवर १९९९ मध्ये छापा पडला. ही कंपनी प्रौढांसाठीच्या अनेक संकेतस्थळांची शुल्कवसुली करीत असे आणि त्यांतील काही संकेतस्थळांवर बालशोषणाची सामग्री होती. तिच्या संगणकांतून मिळालेली सात हजारांहून अधिक नावांची यादी ब्रिटिश पोलिसांकडे आली आणि २००२ पासून अटकसत्र सुरू झाले.

या मोहिमेतून अनेक खरे अपराधी शिक्षेस पात्र ठरले आणि काही बालकांची सुटका झाली, हे विसरून चालणार नाही. परंतु ज्यांच्या घरी एकही आक्षेपार्ह चित्र मिळाले नाही अशा काहींवर वितरणास चिथावणी दिल्याचा आरोप केवळ क्रेडिट कार्डाच्या नोंदीवरून ठेवण्यात आला. पत्रकार डंकन कॅम्पबेल यांनी २००५ पासूनच्या लेखनात त्या नोंदींतील काही व्यवहार चोरलेल्या कार्ड क्रमांकांवरून झाल्याचे पुढे आणले. याच मुद्द्यावर करण्यात आलेले एक अपील तेथील अपील न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळले. तेव्हा सर्व शिक्षा सदोष होत्या असा निष्कर्ष काढता येत नाही. परंतु खटला उभा राहण्यापूर्वीच नोकरी, कुटुंब आणि प्रतिष्ठा गमावलेल्यांपैकी तिसाहून अधिक जणांनी आत्महत्या केल्याच्या नोंदी आहेत. त्यांतील दोषी किती आणि निर्दोष किती, हे आता कोणतेही न्यायालय ठरवू शकत नाही. या अपराधात आरोप हीच शिक्षा असते. म्हणून आरोपापूर्वीच्या छाननीची जबाबदारी अन्य अपराधांपेक्षा अधिक ठरते.

यंत्राची साक्ष

ऑपरेशन ओरची यादी एकदाच आली होती. आजच्या याद्या अखंड येत असतात. मायक्रोसॉफ्टने डार्टमथ महाविद्यालयाच्या हॅनी फरीद यांच्या सहकार्याने २००९ मध्ये विकसित केलेले फोटोडीएनए हे तंत्र ज्ञात चित्राचा अंकीय ठसा घेऊन त्याच्याशी जुळणारी चित्रे ओळखते. ज्ञात चित्रांपुरते हे तंत्र उपयुक्त ठरले आहे. अज्ञात चित्राविषयी यंत्राने स्वतः अंदाज करणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. अमेरिकेतील एका पित्याने २०२१ मध्ये आपल्या लहानग्याच्या दुखण्याचे छायाचित्र डॉक्टरांना दाखविण्यासाठी काढले. गूगलच्या यंत्रणेने ते बालशोषणाचे ठरविले, त्याचे खाते बंद केले आणि पोलिसांना कळविले. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरविले, तरी खाते परत मिळाले नाही.

उपरोक्त अमेरिकन संस्थेकडे २०२३ मध्ये ३ कोटी ६२ लाख सूचना आल्या आणि त्यांपैकी सुमारे ८९ लाख भारताशी जोडलेल्या होत्या. हा आकडा आपल्याकडील बालशोषणाचे माप म्हणून उद्धृत करणे योग्य नव्हे, कारण एकच चित्रफीत शेकडो लोकांनी पुढे पाठविली तर सूचनाही शेकडो होतात. आयर्लंडचा अनुभव येथे उद्बोधक आहे. आयरिश कौन्सिल फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने मिळविलेल्या माहितीनुसार २०२० मध्ये तेथील पोलिसांकडे आलेल्या ४,१९२ सूचनांपैकी ८५२ सूचनांतील सामग्री प्रत्यक्षात बालशोषणाची असल्याचे निश्चित झाले. सूचना हा तपासाचा आरंभबिंदू आहे, निष्कर्ष नव्हे. अतिरिक्त सूचनांचे दुहेरी नुकसान होते : निरपराध व्यक्ती संशयित ठरते आणि जिथे बालक खरोखर संकटात आहे ती सूचना ढिगाऱ्यात दबून राहते.

सरसकट अडविण्याच्या उपायांचीही हीच गत आहे. डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनने १९७६ मधील एका गीतसंग्रहाच्या मुखपृष्ठासाठी विकिपीडियाचे पृष्ठ आपल्या यादीत घातले. ज्या तांत्रिक मार्गाने ते अडविले गेले त्यामुळे असंख्य ब्रिटिश वाचकांना विकिपीडियावर संपादन करता येईना आणि चित्र मात्र वादामुळे अधिकच पाहिले गेले. चार दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. भारतातही ३१ जुलै २०१५ च्या आदेशाने ८५७ संकेतस्थळे बंद झाली. काही दिवसांतच, बालकांविषयीची सामग्री नसलेली संकेतस्थळे सेवादात्यांनी खुली करावीत, असे सांगण्यात आले. म्हणजे राज्यसंस्थेने करावयाची पारख खासगी कंपन्यांवर सोपविली गेली.

शिक्षक, विद्यार्थी आणि जर्मनीचा धडा

या विषयाचा शिक्षणसंस्थांशी असलेला संबंध क्वचितच लक्षात घेतला जातो. पॉक्सोच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी या व्याख्येत येतात. एखाद्या विद्यार्थिनीची चित्रफीत वर्गातील मोबाईलवरून फिरू लागते. ती वर्गशिक्षिकेकडे तक्रार घेऊन येते. शिक्षिका खातरजमेसाठी चित्रफीत मागवून घेते, प्राचार्यांना पाठविते, प्राचार्य समितीच्या सदस्यांना व पालकांना दाखवितात. प्रत्येकाचा हेतू विद्यार्थिनीच्या रक्षणाचा आहे आणि तरीही प्रत्येक पायरीवर ताबा व प्रेषण घडले आहे.

कायद्यात संरक्षण अजिबात नाही असे नाही. कलम १९(७) सद्भावनेने माहिती देणाऱ्याला दायित्वातून मुक्त करते. कलम १५(२) मध्ये विहित पद्धतीने कळविण्याचा आणि न्यायालयीन पुराव्याचा अपवाद आहे. २०२० च्या नियमांनुसार विशेष बाल पोलीस पथक, स्थानिक पोलीस अथवा सायबर गुन्हे पोर्टल यांना कळविता येते. परंतु शिक्षिकेने प्राचार्यांना पाठविणे हे या अर्थाने ‘कळविणे’ नव्हे. कलम ६७-ब च्या परंतुकात साहित्य, कला, विज्ञान, धार्मिक वा वारसाविषयक प्रयोजने आहेत. सद्भावनेने केलेल्या तक्रारीचा उल्लेख नाही. दुसरीकडे, न कळविल्यास कलम २१ खाली शिक्षेची टांगती तलवार आहेच.

ही भीती काल्पनिक नसल्याचे जर्मनीने दाखवून दिले. तेथे १ जुलै २०२१ पासून अशा सामग्रीचे वितरण व ताबा यांसाठी किमान एक वर्ष कारावासाची तरतूद झाली आणि किरकोळ प्रकरण बंद करण्याचा अभियोक्त्यांचा अधिकार संपला. परिणामी विद्यार्थिनीची चित्रफीत पालकांना सावध करण्याच्या हेतूने मिळविणाऱ्या शिक्षिकेवर, मुलाच्या मोबाईलमधील चित्र अन्य पालकांना इशारा म्हणून पाठविणाऱ्या मातापित्यांवर आणि अजाण किशोरांवर गंभीर अपराधाची कार्यवाही अटळ झाली. अखेर खुद्द अभियोक्त्यांनीच बदलाची मागणी केली आणि जून २०२४ पासून ही किमान शिक्षा वितरणासाठी सहा महिने व ताब्यासाठी तीन महिने अशी खाली आणण्यात आली. वितरणासाठीची कमाल शिक्षा दहा वर्षे कायम राहिली. कठोरता राखूनही विवेकाला जागा ठेवता येते, हा या दुरुस्तीचा अर्थ.

किशोरांनी स्वतःच काढलेल्या चित्रांचा प्रश्न याहून नाजूक आहे. फ्लोरिडातील अपील न्यायालयाने २००७ मध्ये, स्वतःचीच छायाचित्रे काढणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीवरील कार्यवाही कायम ठेवली. जिच्या रक्षणासाठी कायदा, तीच त्या कायद्याची आरोपी ठरली. याउलट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘शार्प’ प्रकरणात २००१ मध्ये ताब्यावरील बंदी कायम ठेवतानाच, कायदेशीर संबंधांचे संबंधितांनी स्वतःपुरते ठेवलेले चित्रण बंदीतून वगळले. भारतीय निर्णयात या वर्गाचा स्वतंत्र विचार आढळत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय बालकाच्या प्रतिष्ठेला केंद्रस्थान देतो, लैंगिक शिक्षण व जनजागृतीची आवश्यकता सांगतो आणि परिभाषेला नैतिक अचूकता देतो. परंतु त्याने रुंदावलेल्या ताब्याला तितक्याच स्पष्ट मर्यादांची जोड मिळालेली नाही. ती देण्याचे काम आता संसदेचे व नियम करणाऱ्यांचे आहे. सद्भावनेने मिळालेल्या सामग्रीविषयी किती काळात व कोठे कळवावे याची निश्चिती, शिक्षणसंस्थांतील तक्रारींसाठी चित्रफीत न हाताळता ती सुपूर्द करण्याची पद्धत, किशोरांच्या स्वनिर्मित चित्रणासाठी समुपदेशनाचा वेगळा मार्ग, यंत्राच्या सूचनेवर अटकेपूर्वी तज्ज्ञाची छाननी आणि चुकीने संशयित ठरलेल्याची नोंद पुसण्याचा हक्क, या किमान अपेक्षा आहेत. यांपैकी एकही उपाय खऱ्या अपराध्याला सवलत देत नाही.

यश मोजण्याचे मापही बदलले पाहिजे. किती गुन्हे नोंदविले गेले, यापेक्षा चित्रातील किती बालकांची ओळख पटली आणि त्यांतील किती सुरक्षित झाली, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. पाहणाऱ्यावर गुन्हा नोंदवून प्रकरण संपत असेल तर चित्रातील बालक तेथेच राहते. निर्दोषाला झालेली शिक्षा त्या बालकाच्या उपयोगी पडत नाही; उलट तिच्यामुळे कळविणारे हात मागे सरतात आणि बालकाकडे जाणारी वाट बंद होते. आरोपीला न्याय आणि बालकाला संरक्षण ही तराजूची दोन विरोधी पारडी आहेत, हा समज म्हणूनच सोडून द्यावा लागतो.